'प्रेझेंटेबल पाहिजे' म्हणजे नेमकं काय पाहिजे असतंय

प्रश्न परभणीच्या एका मुलीचा आहे. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, तीन इंटरव्ह्यू दिले. पहिल्या ठिकाणी क्वालिटीचे साहेब ती खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणले, हाइट कमी आहे. दुसरीकडं विचारलं, घरी लग्नाचं काय चाललंय. तिसरीकडं हिचा बायोडाटा ठेवून घेतला आणि बरोबर गेलेल्या मैत्रिणीला बोलावलं, तिचे मार्क कमी पण दिसायला उजवी. तर ताई, दिसण्यावर आणि मुलगी असण्यावरच ठरतंय का सगळं, का मीच कमी पडतेय, आणि बायोडाट्यावर फोटो लावू का नको, असं विचारलंय.

माझ्या भाचीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. सरळ सांगायचं तर हो, ठरतंय. सगळं नाही, पण तुला वाटतंय त्याच्यापेक्षा जास्तच. मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एमए म्हण, करून 2004 ला संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत लागले, तेव्हापासून तीन कंपन्या झाल्या आणि तिन्हीकडं भरतीच केली, ऑपरेटरपासून प्लांट हेडपर्यंत, म्हणजे एवढी वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेय जिथून तुला नाही म्हणलं. आणि उगं साळसूदपणा कशाला करू, मी पण म्हणलेलं आहे.

माझ्याकडं जुन्या वह्या आहेत, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याच्या. इंटरव्ह्यू घेताना नावापुढं समासात पेन्सिलनं दोन शब्द टिपायची सवय होती, नंतर साहेबांशी बोलताना माणूस आठवावा म्हणून. 2011 ला ऑफिस दुसऱ्या बिल्डिंगमध्ये हलवताना त्यातली एक हातात आली, चहा पीत चाळायला घेतली आणि चहा तसाच राहिला. पोरांच्या नावापुढं लिहिलेलं होतं 'आयटीआय फिटर, मायक्रोमीटर येतो', 'दोन वर्षं सीएनसी', 'ड्रॉइंग वाचतो', एखाद्या ठिकाणी 'उंचापुरा, शोभेल'. आणि पोरींच्या नावापुढं 'मे मध्ये लग्न?', 'शांत वाटते', 'लई बोलते', 'फार नटून आली', 'सावळी पण बोलायला चांगली'. तो 'पण' बघ. अक्षर माझंच. मी स्वतः सावळी, माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या आईनं काय काय ऐकून घेतलंय ते मला माहीत, तरी तो 'पण' माझ्याच पेन्सिलीतून आला. पण मला खरं खटकलं ते वेगळंच. पोरींना मायक्रोमीटर येतो का नाही हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. पोराला बसवलं की पहिला प्रश्न कामाचा, पोरीला बसवलं की पहिला प्रश्न घर कुठं, कोणाबरोबर राहणार, बसची सोय आहे का. दहा मिनिटातली सात तिथंच संपायची, मग उरलेल्या तीन मिनिटात माणूस काय बघणार, चेहराच बघणार ना.

तर माझं म्हणणं एवढंच आहे बघ. साहेब लोक वाईट असतात म्हणून हे होतंय असं फार कमी वेळा असतंय. कामाला नेमकं काय लागतंय हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं, आणि ती जी मोकळी जागा राहते ती चेहरा, उंची, रंग, कपडे, आडनाव, गाव, असं जे डोळ्याला दिसतंय त्यानं भरून निघते. 'प्रेझेंटेबल पाहिजे' हा शब्द त्या मोकळ्या जागेवर टाकलेलं झाकण आहे. झाकण काढून विचारलं की साहेब, प्रेझेंटेबल म्हणजे काय, तर कोणालाच सांगता येत नाही, मग म्हणतात तुम्हाला कळतंय ना मॅडम.

उंचीचं घे. आमच्याकडं एकदा फायनल इन्स्पेक्शनला मुली घ्यायच्या होत्या आणि सुपरवायझरनं चिठ्ठीवर लिहून पाठवलं, पाच फूट दोनच्या खालची नको. मी दोन दिवस त्याच हिशोबानं पोरी परत पाठवल्या, भिंतीवर खडूनं रेघ मारली होती, लाज वाटते सांगायला. तिसऱ्या दिवशी एक पोरगी भांडली. घनसावंगीकडची होती. म्हणली मॅडम, ते काम बघू तरी द्या कसलं आहे. तिला घेऊन लाइनवर गेले तर कळलं, टेबल पाच फूट आठच्या पोरांच्या मापानं केलेलं आणि गेज ठेवायचा रॅक त्याच्या वर, बस, एवढीच भानगड. मेंटेनन्सच्या दादांनी स्क्रॅपमधल्या अँगलची आणि चेकर प्लेटची सहा इंच उंच पायरी वेल्डिंग करून दिली, अर्ध्या दिवसाचं काम. ती पायरी नंतर पाच फूट सहाची पोरं पण वापरायला लागली कारण कंबर दुखायची थांबली. आता पोलीस भरतीत मुलींना 155 सेंटीमीटर आणि मुलांना 165 लागतात, ते नियमात लिहिलेलं असतं, सगळ्यांना आधी माहीत असतं, पटो न पटो. पण कारखान्यात कोणी तुला उंची कमी म्हणलं तर नव्वद टक्के वेळा त्या टेबलाची उंची चुकलेली असते, तुझी नाही. हे नव्वद टक्के माझ्या अंदाजानं हं, कुठं छापलेलं नाही.

दिसण्याचे काही नियम मात्र खरे असतात, ते वेगळे काढून ठेव नाहीतर सगळ्यालाच अन्याय म्हणत बसशील. लेथवर, ड्रिलवर मोकळे केस, ओढणी, बांगड्या चालत नाहीत, फिरत्या जॉबमध्ये केस अडकला की डोक्याची कातडी निघते, मी ते रक्त बघितलंय. चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांत प्रॉडक्शन एरियात जाताना टिकली, पावडर, नेलपॉलिश, अंगठी काहीच चालत नाही, पोरांना दाढी असेल तर तिच्यावर पण जाळी. खरा नियम ओळखायची खूण सोपी आहे. तो बाप्यांना आणि बायकांना सारखा लागतो आणि त्याचं कारण एका वाक्यात सांगता येतं. कारण सांगताना 'तसं काही नाही, पण' असं सुरू झालं की समजून जायचं.

रिसेप्शनचा एक किस्सा सांगते, तुझ्या त्या मैत्रिणीवरून आठवला. जागा एक, शेवटी दोन पोरी राहिल्या. एक गोरी, टापटीप, इथल्याच कॉन्व्हेंटची, इंग्लिश फाडफाड. दुसरी बीडकडची, काळीसावळी, दातांना थोडा पुढं येण्याचा बाक, बीए. प्लांट हेड साहेबांनी दोघींचे फोटो बघून बोट ठेवलेलं, पहिलीवर. म्हणले परदेशी कस्टमर येतात, पहिलं तोंड तेच दिसणार. मी म्हणलं सर, एक तास द्या. शेजारच्या केबिनमध्ये जाऊन मी दोघींना वेगवेगळा फोन लावला आणि ट्रान्सपोर्टवाला झाले, सकाळी सहापासून गाडी गेटवर उभी आहे, माल उतरवत नाहीत, हॉल्टिंग कोण देणार, असा आवाज चढवून. पहिलीनं 'सर, प्लीज होल्ड' म्हणून फोन धरला आणि धरूनच ठेवला, तिला कोणाला विचारायचं तेच सुचेना, शेवटी कट केला. दुसरीनं आधी विचारलं, दादा गाडी नंबर सांगा. मग चलन कोणाच्या नावाचं, गेटवर किती वाजता एन्ट्री झाली, लिहून घेतलं आणि म्हणली दहा मिनिटात मीच तुम्हाला फोन करते, नंबर हाच ना. अजून तिला कंपनीतलं कोणी माहीत नव्हतं, स्टोअर कुठं आहे ते पण नाही. साहेबांनी कागद बघितला, बराच वेळ बघितला, आणि घेतलं तिलाच. पण म्हणले, दातांचं काही करता येतं का विचारा. मी विचारलं नाही. आठ महिन्यांनी तलाठ्याच्या परीक्षेत पास होऊन ती गेली, आणि साहेब मला म्हणले बघा, म्हणून मी त्या पहिलीला घ्या म्हणत होतो. आता काय बोलणार!

हे फोनबिनचं काही मी शोधून काढलेलं नाही. काम करून दाखवायला लावणं आणि सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारणं, ह्याच्यानं माणूस पुढं कसा निघेल याचा अंदाज गप्पांच्या इंटरव्ह्यूपेक्षा बरा येतो, हे मानसशास्त्रवाल्यांनी कधीचंच दाखवलंय. आणि चेहऱ्याचं तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे, 1920 ला थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं फौजेतल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले मार्क तपासले, तर ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला बुद्धीला, नेतृत्वाला, स्वभावाला पण चांगलेच मार्क, जणू एक गोष्ट आवडली की बाकीच्यांवर पण तोच रंग चढतो. त्याला हेलो इफेक्ट म्हणतात, देवाच्या फोटोत डोक्यामागं प्रभावळ असते तसं. आपल्याकडं गोरा रंग ही ती प्रभावळ. क्रीमच्या डब्यावरचं 'फेअर' 2020 ला जाऊन 'ग्लो' आलं, डब्याचं गिऱ्हाईक तेच.

पण देखण्या पोरींचं सगळं सोपं असतं असं समजू नको, इथंच लोक चुकतात. 1979 ला मॅडलीन हाइलमन आणि लोइस सारुवातारी या दोघींनी एक प्रयोग केला होता, देखणेपणाचा बायकांना कारकुनी जागेसाठी फायदा झाला आणि मॅनेजरच्या जागेसाठी तोटा. पुरुषांना दोन्हीकडं फायदाच. तेच मी वाळूजमध्ये बघितलंय. रिसेप्शनला जो चेहरा लागतो म्हणतात तोच चेहरा शिफ्ट इंचार्जच्या जागेला नको असतो. माझ्या त्या वहीतली 'फार नटून आली' वाली पोरगी लातूरची, बीएस्सी केमिस्ट्री, लॅबसाठी आली होती. लिपस्टिक, सोनेरी काठाचा ड्रेस, सरळ केलेले केस. उत्तरं बरोबर दिली होती, टायट्रेशनचं विचारलेलं मला आठवतंय कारण मला स्वतःला ते आधी वाचून जावं लागलं होतं. मी तिला नाही म्हणलं. मनात हेच, की लॅबला जायचा रस्ता मशीन शॉपमधून आहे, पोरांचं लक्ष लागणार नाही, उद्या काहीतरी लफडं होईल आणि निस्तरायला मलाच लागेल. म्हणजे लफडं करणार कोण तर पोरं, आणि नोकरी गेली तिची. परत तिची गाठ पडली नाही.

आता फोटो. इस्रायलमध्ये रफल आणि श्टुडिनर या दोघांनी 2,656 जाहिरातींना दोन-दोन करून 5,312 बायोडाटे पाठवले, जोडीतल्या एकावर फोटो, एकावर नाही. देखण्या पुरुषाचा फोटो असला तर बोलावणी वाढली, साध्या चेहऱ्याच्या फोटोवाल्याच्या दुपटीहून जास्त. बायकांचं उलटं निघालं, सगळ्यात जास्त बोलावणी बिनफोटोच्या बायोडाट्याला, देखणा फोटो असो नाहीतर साधा, दोघींना कमी. मग त्यांनी फोन करून शोधलं की बायोडाटे चाळतं कोण, तर बहुतेक ठिकाणी बायका, आणि त्याचा अर्थ त्यांनी मत्सर असा लावला. 'बाईच बाईची वैरी' म्हणायला लोकांना तेवढंच पाहिजे असतं. मला नाही पटत. मला त्या लातूरच्या पोरीचा हेवा नव्हता, मला कटकटीची धास्ती होती, आणि मला वाटतंय एचआरमधल्या अर्ध्या बायका ह्याच धास्तीनं वागतात, कारण पोरीच्या बाबतीत काही झालं की पहिला प्रश्न आम्हालाच येतो की मॅडम, तुम्हीच घेतली होती ना.

तर तू फोटो लावू नको. 'फोटोसह बायोडाटा पाठवा' असं लिहिलं असेल तरच लाव, आणि तो पासपोर्टचा साधा. स्टुडिओवाला गोरं करून देतो तसला नको, गेटवर तुला बघून परत वेगळंच काहीतरी सुरू होतं.

लग्नाच्या प्रश्नावर जरा जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त पोरी तिथं अडतात. साहेबांच्या डोक्यातला हिशोब असा असतो, की आता घेतली, शिकवली, सहा महिन्यांनी लग्न, सोडून जाणार, नाहीतर वर्षाभरात बाळंतपण, 26 आठवडे घरी बसून पगार. हिशोब दोन ठिकाणी चुकतो. एक म्हणजे सोडून जाणं. मी लग्नाच्या धास्तीनं पोरगी नाकारून पोरगा घेतलेला आहे, एकदा नाही, आणि ते पोरगं दिवाळीला गावी गेलं ते परतलंच नाही, नाहीतर चाकणला दोन हजार जास्त मिळतात म्हणून पळालं, नाहीतर पोलीस भरतीचं ग्राउंड निघालं म्हणून न सांगता गायब. त्याला कोणीच इंटरव्ह्यूत विचारलं नव्हतं की बाबा, भरतीची तयारी चालूय का. तो गेला तर म्हणतात पोरांचं असंच असतंय. पोरगी गेली तर म्हणतात म्हणूनच पोरी नको.

दुसरं म्हणजे पगार. ज्याचा महिन्याचा पगार 21,000 पर्यंत आहे आणि कंपनी ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत, आहे, त्या बाईचे बाळंतपणाच्या रजेचे पैसे ईएसआय देतं, कंपनी नाही. कंपनी दरमहा 3.25 टक्के भरते, कामगाराचे 0.75 टक्के कापतात, आणि ते बाई असो का बाप्या सारखंच भरावं लागतं. म्हणजे तुझ्यासारख्या ट्रेनी डिप्लोमावालीच्या रजेचा बोजा बऱ्याचदा कंपनीवर पडतच नाही, तिच्या जागी माणूस तेवढा शोधावा लागतो. 21,000 च्या वर गेलं की मग 1961 चा मातृत्व लाभाचा कायदा, जो नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, 2017 च्या दुरुस्तीनं 26 आठवडे झाले ते, आधीच दोन लेकरं असतील तर 12, आणि ते पैसे मालकानं द्यायचे. हा खर्च सरकारनं वाटून घ्यायला पाहिजे होता असं माझं मत आहे, पूर्ण मालकावर टाकला की मालक दारातच चाळणी लावतो. पण मी हे ईएसआयचं ज्या ज्या साहेबांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांना ते माहीतच नव्हतं. वीस-वीस वर्षं फॅक्टरी चालवतात आणि माहीत नसतं.

अजून एक चाळणी सांगते, ती बाहेरून दिसत नाही. जुन्या कारखाना कायद्यात तीसच्या वर बायका झाल्या की पाळणाघर करावं लागायचं. मी एका ठिकाणी होते तिथं बायकांचा आकडा वर्षानुवर्षं 28-29 वरच. अठ्ठाविसावी गेली की एक घ्यायची, बस. कितीही हुशार आली तरी 'जागा नाही'. त्या पोरींना वाटत असणार आपण नापास झालो. मातृत्व कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत मोजणी बदलली, पन्नास कर्मचारी झाले की पाळणाघर, मग त्यात बायका किती का असेनात, म्हणजे बायका मोजायचा फायदा संपला. तरी सवय जायला वेळ लागतो. रात्रपाळीचं पण तसंच, आधी संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना बंदी होती, आता बाईची संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर चालतं, तर आता अडतंय कुठं, तर बसच्या खर्चावर. बसचं भाडं वाचवायचं असतं आणि तोंडानं म्हणतात 'मुलींना नाही झेपत'.

आणि उलटा भेदभाव पण भेदभावच असतो हं. वायर हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरींचे जुडगे बांधायच्या, लाइनला 'फक्त मुली' कशाला, तर म्हणतात नाजूक बोटं. खरं कारण दुपारच्या चहाला सांगतात, पोरी मान खाली घालून काम करतात, युनियनच्या भानगडीत पडत नाहीत, कमी पगारावर येतात. पोरांना तिथं गेटवरूनच परत. टेलिकॉलिंगला पण तेच, आवाज गोड पाहिजे. मुलाचा आवाज जरा बारीक असला की फिल्डच्या नोकरीला नको, हातवारे जरा वेगळे असले की इंटरव्ह्यू संपल्यावर पॅनेलमधले हसतात. हे मी बघितलंय आणि तेव्हा गप्प बसलेय.

आपण एमआयडीसीचंच बोलतोय, पण मराठवाड्यातली फार मोठी भरती कंपनीच्या गेटवर होतच नाही. ती दसऱ्याच्या आधी ऊसतोडीच्या मुकादमाच्या ओट्यावर होते, उचल देऊन. तिथं माणूस घेत नाहीत, कोयता घेतात, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या बाईला कोयता नाही. अंगानं दणकट आहे का, मोळी उचलेल का, हे मुकादम नजरेनंच मापतो. आणि मग एक दिवस गैरहजर राहिली की खाडा कापतात, पाळी असली तरी. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं 2019 ला जे बाहेर आलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ते ह्याच हिशोबातून. बाईचं शरीर म्हणजे कामातली अडचण, हा विचार वाळूजच्या एसी केबिनमध्ये पण तोच आहे, तिथं फक्त तो इंग्लिशमध्ये बोलतात.

कायद्याचं विचारशील तर मुलगी म्हणून नाकारणं हे 1976 च्या समान वेतन कायद्यापासूनच बेकायदेशीर आहे. आता तो कायदा वेतन संहितेत गेला, 2019 ची संहिता, नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, तिच्या कलम 3 मध्ये भरतीत लिंगावरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट आहे. 1981 ला सुप्रीम कोर्टानं नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात पहिल्या गरोदरपणात एअर होस्टेसला काढून टाकायचा एअर इंडियाचा नियम रद्द केला होता. त्याच निकालात पहिली चार वर्षं लग्न करायचं नाही ही अट मात्र कोर्टानं चालू ठेवली, ते लोक सांगत नाहीत. आणि 2024 ला रॉयटर्सनं चेन्नईजवळच्या आयफोन जोडणाऱ्या कारखान्यात लग्न झालेल्या बायकांना घेत नाहीत अशी बातमी दिली तेव्हा केंद्राच्या कामगार खात्यानं तमिळनाडू सरकारकडून अहवाल मागवला, म्हणजे हे आजचंच आहे.

दिसण्याचं मात्र तसं नाही. रंग, उंची, चेहरा यावरून खाजगी कंपनीनं नाकारलं तर त्याला आपल्याकडं वेगळा कायदा नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात अ‍ॅसिड हल्ला झालेले, कुष्ठरोगातून बरे झालेले, ठेंगणेपणा असलेले येतात, तेवढाच आधार. कोड, म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, त्यात नाही. एक पोरगा मे महिन्यात, 43 डिग्रीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटण लावून आला होता, पाणी प्यायला हात पुढं केला तेव्हा दिसलं. वेल्डर होता, टेस्ट पीस इतका सुंदर मारला की शॉपमधली माणसं बघायला आली. मेडिकलला अडकला. डॉक्टरनं लिहिलं फिट, कोड लागट नसतं हे कोणी डॉक्टरनं सांगायची गरज नाही, पण कँटीनमधले चार जण म्हणले ताटं वेगळी ठेवा. घेतला त्याला, मी त्याच्याबरोबर महिनाभर एकाच टेबलवर जेवले. शहाणपणा म्हणून सांगत नाही, दुसरं काही सुचलं नाही तेव्हा.

आता तू काय करायचं ते. लग्नाचं विचारलं तर भांडू नको आणि खोटं पण बोलू नको. म्हण, 'सर, दोन वर्षं तरी इथंच शिकायचा विचार आहे, इथं ट्रेनीला दोन वर्षांत काय काय शिकवतात?' आणि चेंडू तिकडं टाकून दे. फार खोदलं तर 'हे मुलांना पण विचारता का सर' असं हसून विचारता येतं. काही जण चपापतात, काही चिडतात. चिडणाऱ्याकडं लागून पण सुख नसतं, पण घरी पैशाची गरज असेल तर मी तुला तत्त्व शिकवणार नाही, लाग आणि सहा महिन्यांनी बदल. उंचीचं म्हणले तर म्हण 'काम दाखवा सर, करून दाखवते'. व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज, हे हातात घेऊन वाचता आलं पाहिजे, डिप्लोमाच्या लॅबमध्ये नुसतं जर्नल उतरवलं असशील तर आजच कोणाकडं तरी जाऊन शीक. बोलताना परभणीचा हेल आला तर येऊ दे, मुद्दाम पुणेरी बोलायला गेलीस की अर्धं लक्ष तिकडंच राहतं. कपडे साधे, केस बांधलेले, पायात बंद बूट, कारण कधीकधी थेट शॉपवर नेतात आणि सँडलवालीला आत सोडत नाहीत.

मैत्रिणीवर राग धरू नको. ती जागा तिनं घेतली नाही, तिला दिली. आणि ती तिथं दोन महिन्यांनी काय सांगते ते पण ऐक.

गुरुवारी चिकलठाण्याला जायचंय असं लिहिलंयस. परभणीहून येणार तर आदल्या रात्रीच ये कोणाकडं तरी, पॅसेंजरच्या भरवशावर राहू नको. आणि आधारवर, मार्कशीटवर आणि बँकेच्या पासबुकावर नाव एकच आहे का, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग जुळतंय का ते बघून घे, कारण चेहरा-उंचीच्या आधी कितीतरी पोरी गेटवर त्यावरूनच परत जातात. नसेल जुळत तर तसं सांगणारा साधा अर्ज लिहून सहीसकट बरोबर ठेव. पेन स्वतःचं आण, गेटवरचं चालत नाही.